‘डिड नॉट’मधला ‘ओ’ कुठे गेला? मुलांना इंग्रजी नकाराची छोटी रूपं शिकवताना

दुसरी-तिसरीच्या इंग्रजीच्या वह्या तपासताना एक चूक मला दर वर्षी भेटते. मुलाला ‘डिडन्ट’ लिहायचं असतं. त्यात वरच्या बाजूला स्वल्पविरामासारखं काहीतरी असतं, हे त्याला पक्कं आठवतं. मग ते डी-आय-डी लिहितं, लगेच चिन्ह देतं आणि पुढे एन-टी लिहून मोकळं होतं. चिन्ह हवं होतं एन आणि टीच्या मध्ये, पडलं डी आणि एनच्या मध्ये. ‘वुडन्ट’, ‘हॅजन्ट’, ‘इजन्ट’, सगळीकडे तेच.

बरीच वर्षं मी ही चूक नुसती दुरुस्त करत राहिले. एकदा मात्र एका मुलीला जवळ बोलावून विचारलं, “चिन्ह इथेच का दिलंस गं?” ती म्हणाली, “बाई, इथे जोडलंय ना!” आणि मला माझाच फळा आठवला. ‘दोन शब्द जोडायचे आणि अपॉस्ट्रॉफी द्यायची’ हे वाक्य मीच त्यांना दिलं होतं. तिने ते तंतोतंत पाळलं होतं. जिथे दोन कापडं जुळतात तिथेच टाका घालायचा, असा तिचा साधा हिशेब.

तेव्हापासून हा धडा शिकवताना मी ‘जोडणं’ हा शब्दच वापरत नाही. अपॉस्ट्रॉफी कशालाही जोडत नाही. एखादं अक्षर गळालं की त्याच्या रिकाम्या जागेवर ती खूण म्हणून बसते. एवढं मुलाच्या मनात बसलं की ती कुठे द्यायची हे पाठ करावं लागत नाही. खाली लिहिलेल्या पायऱ्या त्याच एका गोष्टीसाठी आहेत. घरी शिकवणारे आईबाबा, आजी-आजोबा आणि नुकतेच प्राथमिकच्या वर्गावर आलेले शिक्षक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

कधी सुरू करावं

इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात पाच-सहा वर्षांच्या मुलांनी अशी छोटी रूपं वाचावीत आणि सहा-सात वर्षांच्या मुलांनी ती लिहायला शिकावीत, अशी विभागणी आहे. अमेरिकेतल्या २०१० च्या ‘कॉमन कोअर’ या शालेय मानकांत हा भाग दुसरीच्या वर्गात येतो. पण ती बहुतेक मुलं दिवसभर इंग्रजीच ऐकतात. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, तरी ते घरात आणि अंगणात कितपत कानावर पडतं यात घराघरांत फार फरक असतो. म्हणून वयाकडे न बघता तीन गोष्टी बघा. मुलाला ‘नॉट’ न बघता लिहिता येतो का? ‘इज’, ‘वॉज’, ‘डिड’, ‘हॅज’ हे छोटे शब्द न अडखळता वाचता येतात का? आणि बोलण्यात ‘डोन्ट’ येतो का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर आज सुरू करा. नसेल तर महिनाभर थांबा, काही बिघडत नाही.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं. आपली बहुतेक मुलं ‘डू नॉट’ ऐकण्याच्या कितीतरी आधी ‘डोन्ट’ ऐकतात. कार्टूनमध्ये ऐकतात, शेजारच्या ताईकडून ऐकतात, कधी आईकडूनच, “डोन्ट टच हं!” त्यामुळे त्यांच्या लेखी तो एकच अखंड शब्द असतो, ‘नको’ किंवा ‘नाही’सारखा. आपल्याला वाटतं, दोन शब्दांचा एक कसा होतो ते शिकवायचंय. मुलाला मात्र आधी हे कळायला हवं असतं की या एकात दोन दडलेत.

पहिली पायरी: दोन दिवस फक्त कान

वही-पेन्सिल बाजूला ठेवा. स्वयंपाक करताना, शाळेत सोडायला जाताना खेळायचा हा खेळ आहे. तुम्ही लांब रूप म्हणायचं, मुलाने छोटं म्हणायचं. “डिड नॉट.” “डिडन्ट.” “इज नॉट.” “इजन्ट.” “वॉज नॉट.” “वॉजन्ट.” पाच-सात वेळा झालं की उलटं करा, तुम्ही छोटं म्हणा, त्याने लांब. ही उलटी फेरी जास्त महत्त्वाची. दडलेलं ‘नॉट’ मुलाला तिथे सापडतं.

मग विचारा, “छोटं म्हणताना काय ऐकू येत नाही?” मुलं बराच वेळ चाचपडतात. घाई करू नका, परत म्हणायला लावा. कुणीतरी म्हणतंच, “नॉटमधलं ऑ गेलं.” आणि तो ऑ लिहिताना आपण कोणतं अक्षर काढतो? ओ. झालं, गळालेलं अक्षर मुलाने स्वतःच शोधलं. तुम्ही दहा वेळा सांगून जे होणार नाही ते इथे एकदा ऐकून होतं.

या खेळात ‘डोन्ट’, ‘कान्ट’ आणि ‘वोन्ट’ मुद्दाम घेऊ नका. त्यांत आधीच्या शब्दाचा उच्चारही बदलतो, ‘डू’चा ‘डो’ होतो, ‘विल’ तर ओळखूच येत नाही. ‘डिड’, ‘इज’, ‘वॉज’, ‘हॅज’, ‘हॅड’ एवढे पाच पुरेत.

लांब आणि छोट्या रूपांचा भावार्थही याच खेळात कळतो. खोटा आळ आलेलं मूल इंग्रजीत कसं बोलेल, ते करून दाखवा, “आय डिड नॉट टेक इट!” ‘नॉट’वर कसा जोर येतो बघा. तेच सहज सांगायचं असेल तर “आय डिडन्ट टेक इट.” मुलांना हा नाटकीपणा मनापासून आवडतो, आणि दोन्ही रूपं बरोबरच असतात, हेही नकळत पोचतं.

दुसरी पायरी: मराठीच्या दारातून

ही पायरी मला सगळ्यांत प्रिय आहे. आपल्या मुलांना शब्द आखडून घेण्याची कला आधीपासून येते, फक्त ती येते हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मुलाला विचारा, “बाबा कुठेत?” ते म्हणेल, “बाजारात गेलेत.” मग सांगा, हे सावकाश, पूर्ण म्हण. “गेले आहेत.” ‘गेला आहे’चं ‘गेलाय’, ‘आलो आहे’चं ‘आलोय’, ‘काय करतो आहेस’चं ‘काय करतोयस’. नकारातही तेच, ‘न असतो’चा ‘नसतो’, ‘न होता’चा ‘नव्हता’. मराठीत नकाराचा ‘न’ पुढे येऊन बसतो, इंग्रजीत तो मागे जाऊन बसतो. अशी चार-पाच उदाहरणं झाली की मुलं स्वतःच आणखी शोधायला लागतात. एकदा वर्गात ‘येतोयस’, ‘बसलीयेत’, ‘नाहीये’ असा नुसता पाऊस पडला होता.

“पण बाई, आपण तर वर काही देत नाही,” असं एखादं मूल म्हणतंच. बरोबर आहे, मराठीत अशा वेळी आपण खूण करत नाही. पण देवापुढे दिवा लावून ‘शुभं करोति’ म्हणणाऱ्या घरात एक खूण रोज तोंडात असते. त्या श्लोकाच्या शेवटी ‘नमोऽस्तु ते’ आहे. छापलेला श्लोक मुलाला दाखवा आणि ‘मो’च्या पुढचं ते ‘ऽ’ बोटाने दाखवा. मूळ शब्द ‘नमः’ आणि ‘अस्तु’. संधी होताना ‘अस्तु’मधला ‘अ’ गेला आणि त्याच्या जागी हा अवग्रह बसला. ‘सोऽहम्’मध्येही तसंच, ‘सः’ आणि ‘अहम्’. संस्कृतचा अवग्रह आणि इंग्रजीची अपॉस्ट्रॉफी एकच काम करतात, इथे एक अक्षर होतं, ही आठवण ठेवतात. फळ्यावर दोन्ही शेजारी शेजारी काढा.

इथे एक सावधगिरी. मराठी गोष्टींत हाक लांबवायलाही हेच चिन्ह येतं, ‘आईऽऽ’ असं. चौकस मूल ते नेमकं काढून विचारेल. तिथे अक्षर गळालेलं नसून आवाज लांबलाय, एवढं सांगून पुढे चला.

अपॉस्ट्रॉफी इंग्रजीत सोळाव्या शतकात फ्रेंचमधून आली, आणि तो शब्द मूळ ग्रीक आहे, अर्थ ‘पाठ फिरवणं’. मी मुलांना सांगते की ‘ओ’ पाठ फिरवून निघून गेला आणि जाताना खूण ठेवून गेला. नावाचं एवढं कौतुक पुरे. आमच्या वर्गात त्या चिन्हाला सगळे ‘शेपटी’ म्हणतात, आणि स्पेलिंग म्हणताना डी, आय, डी, एन, शेपटी, टी असं म्हणतात.

तिसरी पायरी: कागदाची चुणी

आता हातांनी करायचं काम. एका जाड कागदाच्या तीन-तीन बोटं उंचीच्या पट्ट्या कापा. जुन्या वहीची पुठ्ठ्याची पानं नकोत, ती दुमडत नाहीत. कॅलेंडरच्या पानाची कोरी मागची बाजू उत्तम. पट्टीवर सारख्या चौकटी आखा आणि एका चौकटीत एकच अक्षर लिहा.

एका पट्टीवर ‘नॉट’, म्हणजे एन, ओ, टी अशा तीन चौकटी. ही पट्टी एकदाच करायची, सगळ्या शब्दांना हीच वापरायची. दुसऱ्या पट्टीवर ‘डिड’, डी, आय, डी.

दोन्ही पट्ट्या टेबलावर थोड्या अंतराने ठेवा. आधी फक्त सरकवा. ‘डिड’ची कड ‘नॉट’च्या कडेला टेकली. आता थांबून विचारा, “एखादं अक्षर गेलं का?” “नाही.” “मग शेपटी द्यायची का?” “नाही.” हा प्रश्न वगळू नका. सांध्यावर चिन्ह देण्याची सवय नेमकी इथे सुटते.

मग ‘नॉट’च्या पट्टीतली ओची चौकट मधोमध मागच्या बाजूला दुमडा, साडीची चुणी घालतो तशी. एनची कड टीच्या कडेला येऊन मिळते आणि ओ मागे दिसेनासा होतो. पुन्हा विचारा, “अक्षर गेलं?” “हो!” “कुठून?” मूल बोट ठेवतं ते बरोबर एन आणि टीच्या मधल्या घडीवर. तिथे शेपटी द्या. माझ्याकडे यासाठी थेंबाच्या आकाराच्या टिकल्यांचं पाकीट असतं. मूल स्वतःच्या हाताने घडीवर, वरच्या बाजूला टिकली चिकटवतं. हे एकदा केलेलं मूल पुढच्या वर्षीही विसरत नाही, असा माझा अनुभव आहे.

चुणी उलगडली की ओ परत येतो. लहान मुलांना ही जादू वाटते. एक मुलगा मधल्या सुट्टीभर “ओ आला, ओ गेला” करत बसला होता. त्याला मी थांबवलं नाही. लांब रूपातून छोटं आणि छोट्यातून लांब, हा सगळा अभ्यास तो न सांगता करत होता.

कात्रीने ओ कापून टाकण्याची पद्धतही बरेच जण वापरतात. मला ती कमी आवडते. कापलेलं अक्षर हरवतं, आणि मग परत लांब रूप करायला काही उरत नाही.

चौथी पायरी: चार रेघांच्या वहीत

शेपटी कशी काढायची हे वेगळं शिकवावंच लागतं. छोटं भरलेलं टिंब आणि त्याला डावीकडे वळलेली शेपूट. इंग्रजी नऊचा आकडा खूप लहान करून वर टांगल्यासारखं. चार रेघांच्या वहीत ती सगळ्यात वरच्या रेघेखाली, टीच्या डोक्याच्या उंचीवर येते. खाली रेघेवर आली तर ती स्वल्पविराम झाली.

मराठी लिहिणाऱ्या मुलांची इथे एक खास अडचण होते. अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर द्यायची हाताला सवय असते, म्हणून काही मुलं शेपटीही एनच्या डोक्यावर ठेवतात. त्यांना सांगावं, अनुस्वार अक्षराचा असतो म्हणून त्याच्या डोक्यावर बसतो. शेपटी गेलेल्या अक्षराची आहे, म्हणून ती रिकाम्या फटीत बसते. सुरुवातीला एन आणि टीच्या मध्ये थोडी जास्त फट ठेवू द्या. आणि लिहिताना क्रम पाळायला लावा, एन, मग शेपटी, मग टी. सगळं लिहून झाल्यावर शेवटी वर जाऊन चिन्ह टाकण्याची सवय लागली की ते कुठेही पडतं, किंवा राहूनच जातं.

कोणते शब्द, कोणत्या क्रमाने

आनंदाची गोष्ट ही की नेहमी लागणारे पंधरा शब्द अगदी एकाच साच्यातले आहेत. इज, आर, वॉज, वर्. डू, डझ, डिड. हॅव, हॅज, हॅड. कुड, वुड, शुड. मस्ट आणि नीड. या पंधराही शब्दांच्या पट्ट्या करा. प्रत्येकापुढे तीच ‘नॉट’ची चुणी घातलेली पट्टी लावायची. पहिल्या शब्दाला हात लावायचा नाही, एकही अक्षर काढायचं नाही. या पहिल्या शब्दाला, म्हणजे सहायक क्रियापदाला, आम्ही ‘मदतनीस’ म्हणतो. ‘मदतनीस जसाच्या तसा, चुणी फक्त नॉटला’ हे आमच्या वर्गातलं घोषवाक्य आहे आणि ते पंधरा वेळा खरं ठरतं.

एका दिवशी तीनच शब्द घ्या. पहिल्या आठवड्यात ‘डिड’, ‘इज’, ‘वॉज’, ‘हॅज’, ‘हॅड’. हे छोटे आणि कानाच्या खेळातले ओळखीचे शब्द आहेत. दुसऱ्या आठवड्यात ‘कुड’, ‘वुड’, ‘शुड’ एकत्र, कारण तिघांचं स्पेलिंग एकाच ठशाचं आहे.

त्यानंतर ईवाले तीन, ‘आर’, ‘वर्’ आणि ‘हॅव’. तिघांच्याही शेवटी मुका ई आहे. छोटं रूप लिहिताना मुलं तो ई खाऊन टाकतात आणि ए-आर-एन-शेपटी-टी असं लिहितात. रागावू नका, पट्टी पुढे ठेवा. मदतनीस जसाच्या तसा, म्हणजे ई राहणार. ‘मस्ट’लाही तेच औषध. ‘मसन्ट’ म्हणताना पहिला टी ऐकू येत नाही, पण पट्टीवर तो असतो, म्हणून लिहायचा.

‘डझन्ट’ हा सगळ्यात जास्त चुकणारा शब्द आहे, आणि चूक शेपटीची नसतेच. चूक ‘डझ’ची असते. डी-ओ-ई-एस हे स्पेलिंग कानाला काहीच मदत करत नाही, म्हणून मुलं ई आणि एसची अदलाबदल करतात. आधी दोन-तीन दिवस नुसता ‘डझ’ पक्का करा, मगच पट्टी लावा.

‘डोन्ट’ लिहायला सोपा आहे, फक्त उच्चार बदलतो. तो मी मुद्दाम उशिरा घेते, कारण मुलांना तो पाठ असतो आणि पाठ असलेल्या शब्दावर कुणी विचार करत नाही.

तीन वाकडे शब्द

‘कॅन नॉट’, ‘विल नॉट’, ‘शॅल नॉट’. हे तिन्ही साच्यात बसत नाहीत, आणि ते मुलांना मोकळेपणाने सांगून टाकावं.

‘कॅनॉट’ पूर्ण रूपातही बहुधा एकत्रच लिहितात. त्यात दोन एन शेजारी शेजारी येतात. पट्ट्या लावताना ‘नॉट’चा एन ‘कॅन’च्या एनवर ठेवा, एकावर एक. मग नेहमीची चुणी. सी-ए-एन-शेपटी-टी. दोन अक्षरं कमी झाली तरी शेपटी एकच. उच्चाराबाबत एक गोष्ट लक्षात असू द्या. ब्रिटिश धाटणीत हा शब्द ‘कान्ट’ असतो आणि अमेरिकन धाटणीत ‘कॅन्ट’. अमेरिकन कार्टून बघणाऱ्या मुलाला ‘कॅन’ आणि ‘कॅन्ट’ यांतला फरक नीट ऐकू येत नाही. अशा मुलाला वाक्याच्या अर्थावरून ओळखायला शिकवा.

‘वोन्ट’बद्दल मुलं हमखास विचारतात, “विलचं वो कसं झालं?” ‘अपवाद आहे, पाठ कर’ असं सांगू नका, कारण खरं उत्तर छान आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ‘विल’चं ‘वोल’ असंही एक रूप होतं. ‘वोल नॉट’ आखडून आजचा शब्द झाला. ‘वोल’ बोलण्यातून गेला, त्याचं छोटं रूप मात्र राहिलं. मराठीतही ‘जा’चं ‘गेला’ होतं, ‘जाला’ होत नाही, आणि त्याचं मुलांना कधी नवल वाटत नाही. या शब्दाची पट्टी करू नका, वेगळं चित्र करून भिंतीवर लावा.

‘शान्ट’ आता फार कमी वापरतात. गोष्टीच्या पुस्तकात आला तर ओळखता यावा इतपत पुरे. जुन्या छापील इंग्रजीत त्यात दोन शेपट्या दिसतात, एक गळालेल्या दोन एलची आणि एक ओची. अर्थात हे मोठ्या मुलांना सांगायला गंमतीचं.

आणि ‘अ‍ॅम’? स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या बोलण्यात ‘अ‍ॅमन्ट’ ऐकू येतो, पण आपल्या वहीत तो लिहायचा नाही. तिथे ‘आय’ आणि ‘अ‍ॅम’ एकत्र येऊन ‘आयम नॉट’ होतं, म्हणजे अक्षर गळतं ते ‘अ‍ॅम’चं, ‘नॉट’ अख्खा राहतो. गाण्यांतून ‘एन्ट’ कानावर येतो, तोही लिहिण्यात नको.

‘आय गोन्ट’ का म्हणत नाहीत?

हा प्रश्न मला एका सात वर्षांच्या मुलाने विचारला आणि तो अगदी योग्य होता. ‘मी जात नाही’मध्ये ‘नाही’ थेट ‘जात’ला लागतो. मग ‘गो’ला ‘नॉट’ का लागू नये? उत्तर असं की इंग्रजीत ‘नॉट’ कामाच्या क्रियापदाला लागत नाही, त्याला मदतनीस लागतो. म्हणून ‘आय डोन्ट गो’. पंधरा पट्ट्यांचा गठ्ठा दाखवून सांगा, चुणीची पट्टी फक्त यांच्याच मागे लागते. ‘ईट’, ‘रन’, ‘प्ले’ यांच्या पट्ट्याच नाहीत. नियम सांगण्यापेक्षा गठ्ठा दाखवलेला मुलांना लवकर कळतो.

चुका वाचायला शिका

शेपटी डी आणि एनच्या मध्ये आली, तर मूल अजून ‘जोडतंय’. पट्ट्या काढा, सरकवा, विचारा, दुमडा. शेपटी टीच्या पुढे गेली, तर त्याला चिन्ह हवं एवढंच आठवतंय, कशासाठी ते माहीत नाही. कानाच्या खेळाकडे परत जा. शेपटी अजिबात नाही, तर बहुधा घाई, किंवा घरातल्या मोबाइलवरचे निरोप. आपण सगळेच निरोपांत ती गाळतो आणि मुलं ते बघतात.

‘वॉन्ट’ आणि ‘वोन्ट’ यांचा घोळ मात्र जपून सोडवा. मराठी कानाला दोन्ही जवळजवळ सारखे वाटतात आणि अर्थ एकदम उलटा होतो, एकात ‘हवंय’ आणि दुसऱ्यात ‘करणार नाही’. वहीत “आय वोन्ट मिल्क” लिहिणारं मूल दूध मागत असतं! या दोघांसाठी दोन वाक्यं ठरवून द्या आणि रोज म्हणायला लावा. शेपटीशिवायचा ‘वोन्ट’ आणि शेपटीशिवायचा ‘कान्ट’ हेही इंग्रजीतले खरे, वेगळ्या अर्थाचे शब्द आहेत. त्यामुळे संगणक किंवा फोन ही चूक दाखवेलच असा भरवसा नाही.

एक गोष्ट मी कटाक्षाने टाळते. चुकीचं स्पेलिंग फळ्यावर लिहून ‘चूक शोधा’ असं या वयात देऊ नये. डोळ्याला जे दिसतं ते राहतं, आणि मुलाला नंतर दोन्ही बरोबर वाटायला लागतात. तपासताना लाल गोल करण्याऐवजी मी मुलाला तो शब्द पूर्ण म्हणायला सांगते. “डिड नॉट” म्हणता म्हणता त्याचा हात बहुतेक वेळा आपोआप खोडरबराकडे जातो.

सराव

श्रुतलेखन दोन्ही दिशांनी घ्या. तुम्ही “डिड नॉट” म्हणा, मूल छोटं रूप लिहील; तुम्ही “हॅजन्ट” म्हणा, मूल लांब रूप लिहील. रोज सहा शब्द पुरे. मग वाक्यं, पण घरातली. आजीला जिना चढवत नाही, दादाने डबा संपवला नाही, पाऊस थांबला नाही. आधी मराठीत बोलू द्या, मग इंग्रजीत, मग वहीत. छापील कागदावरच्या जोड्या लावण्याने हात चालतो, पण मुलाला सांगण्यासारखं काही असलं तरच चिन्ह लक्षात राहतं.

इंग्रजी चित्रकथांत बोलण्याचे फुगे असतात. त्यांत अशी रूपं भरपूर सापडतात. पेन्सिलीने त्यांखाली रेघ मारत जायची आणि प्रत्येकाचं लांब रूप म्हणायचं. नंतर सोसायटीच्या गेटवरची, बागेतली इंग्रजी पाटी दाखवा. तिथे बहुधा ‘डू नॉट’ असतं, ‘डोन्ट’ क्वचित. पाटी ठामपणे सांगते, म्हणून तिथे ओ जागेवर. शाळेला रजेचा अर्ज लिहितानाही लांब रूपच लिहायचं, हे तिसरी-चौथीच्या मुलांना आत्ताच सांगून ठेवा.

‘रामची वही’, ‘मुलीचा डबा’ अशा मालकी दाखवणाऱ्या शेपटीला मात्र इतक्यात हात लावू नका. निदान महिनाभर जाऊ द्या. दोन्ही एकदम शिकवले तर मुलं प्रत्येक एसच्या आधी शेपटी द्यायला लागतात, ‘बॉल्स’, ‘कॅट्स’, कशालाही. त्याआधी घ्यायचं ते ‘इट इज’. त्यासाठी नव्या पट्ट्या करा, एकीवर आय-टी, दुसरीवर आय-एस. या वेळी चुणी दुसऱ्या पट्टीच्या पहिल्याच चौकटीत पडते, म्हणून शेपटी अगदी सांध्यावर येते. इथे मुलाला विचारा, “या वेळी ती सांध्यावर का आली?” “कारण गेलेला आय तिथेच बसला होता” असं त्याने स्वतः म्हटलं, की टिकल्यांचं पाकीट त्याच्याच हातात देऊन टाका.